टॅक्स कुणाकडून, कशावर आणि किती? लोक सारखे विचारतात ते प्रश्न

कराचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, एक म्हणजे "आपण प्रामाणिकपणे भरायचं आणि बाकीच्यांनी मजा मारायची" आणि दुसरं म्हणजे "श्रीमंतांकडून घ्या ना, आमच्या मागे कशाला लागता". दोन्हीमागचा राग खरा आहे, पण पुढे "बरं मग कर नेमका कसा लावायचा" असं विचारलं की गप्पा थांबतात. माझ्या मते कराचा न्याय नुसत्या दरावरून ठरवता येत नाही. तो शेवटी कुणाच्या खिशातून गेला आणि गेल्यावर त्याच्या हातात काय उरलं हे बघावं लागतं, आणि सरकारला ज्याचे पैसे सहज दिसतात त्याच्याकडूनच सगळी वसुली चाललीय का हेही बघावं लागतं. खालची उत्तरं हाच धागा धरून लिहिलीत.

न्याय्य कर म्हणजे नक्की काय, हे आधी सांगा.

यावर दोन जुने विचार आहेत. एक म्हणतो ज्याने जितका फायदा घेतला त्याने तितकं द्यावं, दुसरा म्हणतो ज्याची जितकी ऐपत त्याने तितकं द्यावं. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये कराच्या चार कसोट्या मांडल्या होत्या: ऐपतीप्रमाणे असावा, किती आणि कधी भरायचा ते पक्कं माहीत असावं, भरायला सोयीचा असावा आणि वसुलीवर फार खर्च होऊ नये. टोल, पाणीपट्टी असल्या गोष्टींना फायद्याचा हिशोब चालतो. पण शाळा, लसीकरण, कोर्ट, पोलीस यांचा फायदा कुणाला किती झाला हे मोजणार कसं? आणि ज्याला सरकारी दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याकडेच पैसे सगळ्यात कमी असतात, त्यामुळे इथे ऐपतीचाच विचार धरावा लागतो.

अजून एक साधी कसोटी आहे, सारख्या परिस्थितीतल्या माणसांनी सारखा कर भरावा. ऐकायला इतकी सरळ, पण सगळ्यात जास्त मोडली जाते ती हीच. दोघांचं वर्षाचं उत्पन्न तेवढंच, पण एकाचं पगारातून आलेलं आणि दुसऱ्याचं शेअर विकून, तर बऱ्याच देशांत दुसऱ्याला कमी कर पडतो. अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०११ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांना पडणाऱ्या कराची टक्केवारी त्यांच्या ऑफिसातल्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा कमी आहे. यात कायदा कुठेच मोडलेला नव्हता, कायदाच तसा होता.

सगळ्यांनी सारखीच रक्कम भरली तर? कटकटच नको.

याला डोईपट्टी म्हणतात, माणशी ठरलेली रक्कम. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा कर फार कौतुकाने मांडतात कारण जास्त काम करा की कमी, कर तेवढाच, त्यामुळे कुणी कर वाचवायला वागणं बदलत नाही. पण माणसांच्या जगात तो चालत नाही. इंग्लंडमध्ये १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव डोईपट्टीवरूनच पेटला. आणि सहाशे वर्षांनी तिथल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी तोच प्रयोग परत केला, स्कॉटलंडमध्ये १९८९ ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० ला. एकाच भागात मोठ्या बंगल्यात राहणाऱ्याला आणि भाड्याच्या छोट्या खोलीत राहणाऱ्याला माणशी सारखीच रक्कम. विद्यार्थी आणि बेकारांना सूट होती, पण त्यांनीही पाचवा हिस्सा भरायचाच. लाखो लोकांनी भरलाच नाही, ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये थॅचर पायउतार झाल्या (कारणं इतरही होती पण हे मोठं होतं) आणि १९९३ मध्ये तो कर गेला.

सारखी रक्कम म्हणजे सारखा त्याग नव्हे, हे लोकांना आकडेमोड न करता कळतं.

मग सारखी टक्केवारी? सगळ्यांना समजा १५ टक्के?

हा सपाट कर. एस्टोनियाने १९९४ मध्ये २६ टक्क्यांनी सुरू केला, रशियाने २००१ मध्ये १३ टक्क्यांनी, स्लोव्हाकियाने २००४ मध्ये १९ टक्क्यांनी. नंतर स्लोव्हाकियाने २०१३ मध्ये परत वरचा दर आणला, रशियानेही २०२१ पासून मोठ्या उत्पन्नाला जास्त दर लावला आणि २०२५ पासून तर चक्क पाच टप्पे केले. बल्गेरियात मात्र १० टक्के अजून चालू आहे.

याच्या बाजूचे लोक म्हणतात सोपा आहे. ते मला अर्धंच पटतं. स्लॅब तीन असोत की सात, त्याचं गणित मोबाईलवर अर्ध्या मिनिटात होतं. कराचा कायदा किचकट होतो तो "उत्पन्न कशाला म्हणायचं" या प्रश्नामुळे, म्हणजे कुठला खर्च वजा करायचा, कुठल्या बचतीला सूट द्यायची, कंपनीने दिलेली गाडी उत्पन्नात धरायची का. दर एक केला म्हणून यातलं काहीही सुटत नाही.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, सपाट करातही सुरुवातीची काही रक्कम करमुक्त ठेवली की तो आपोआप थोडा चढता होतो. पहिले १०० माफ आणि पुढे सगळ्यावर २० टक्के असं धरा, तर १२० मिळवणारा ४ भरतो म्हणजे जेमतेम ३ टक्के, आणि १००० मिळवणारा १८० भरतो म्हणजे १८ टक्के. त्यामुळे कुणी नुसतं "सपाट कर" म्हटलं की मी आधी विचारते, माफी किती?

पगार वाढून वरच्या स्लॅबमध्ये गेलं तर हातात उलट कमी येतं ना?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट आहे की लोक खरोखर ओव्हरटाईम नाकारतात, म्हणून जरा सावकाश सांगते. समजा पहिल्या १०० वर शून्य, पुढच्या १०० वर १० टक्के आणि त्यापुढे २० टक्के. तुमचं उत्पन्न २०० असेल तर कर १०, हातात १९०. आता पगार १० ने वाढून २१० झाला, तर वरचे फक्त १० वीस टक्क्यात येतात, म्हणजे २ जास्त. एकूण कर १२, हातात १९८. वाढलेल्या दहातले आठ तुमचेच. खालच्या दोनशेला कुणी हात लावत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत पगारवाढीचं पत्र हातात आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या काकांनी मला "आता तू फसलीस बघ" असं अगदी काळजीने सांगितलं होतं, आणि मी ते दोन महिने खरं धरून चालले होते! पुढे स्लिप समोर ठेवून एकेक ओळ मांडून बघितली तेव्हा कळलं.

खरा खड्डा वेगळ्या ठिकाणी असतो. काही सवलती आणि अनुदानं एका ठराविक उत्पन्नाच्या वर एकदम बंद होतात, तिथे एक रुपया जास्त मिळवला की बरंच काही जाऊ शकतं, आणि हे बहुतेक गरीब घरांच्याच वाट्याला येतं. दुसरा त्रास महागाईचा. भाव वाढले म्हणून पगार वाढला, म्हणजे खरी कमाई तेवढीच, पण स्लॅब जुनेच राहिले तर कर वाढतो. दर न वाढवता, संसदेत चर्चा न होता वाढलेला कर आहे हा. अमेरिकेने १९८५ पासून स्लॅब महागाईशी जोडले, अनेक देश अजून जोडत नाहीत.

श्रीमंतांवर ९० टक्के कर लावून टाका की.

लावून झालाय. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये सगळ्यात वरचा दर ९४ टक्के होता आणि पुढे पन्नाशीच्या दशकातही नव्वदीच्या वर राहिला. पण तो फार थोड्या लोकांच्या अगदी वरच्या कमाईला लागायचा आणि वजावटी इतक्या होत्या की प्रत्यक्षात बरंच कमी भरलं जायचं. कागदावरचा दर आणि भरलेला कर यात पळवाटांएवढं अंतर असतं. म्हणून दर किती हे विचारण्याआधी कराच्या जाळ्यात काय काय येतं हे विचारायला हवं. माफक दर आणि भोकं नसलेलं जाळं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

उत्पन्नावर नको, खर्चावर घ्या. जो जास्त खर्च करेल तो जास्त भरेल, हे न्याय्य नाही का?

मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट, काही देशांत त्यालाच जीएसटी म्हणतात. फ्रान्समध्ये मोरिस लोरे या अधिकाऱ्याने तो घडवला, १९५४ पासून लागू झाला आणि आज १७० पेक्षा जास्त देशांत आहे. त्याची खुबी साखळीत आहे. कापूस विकणाऱ्याने कर घेतला, सूत करणाऱ्याने स्वतः घेतलेल्या करातून तो वजा करून उरलेला सरकारला दिला, पुढे कापडवाल्याने तेच केलं. प्रत्येकाला आपली वजावट मिळवायला आधीच्याची पावती लागते, म्हणजे एक धंदेवाला दुसऱ्यावर आपोआप लक्ष ठेवतो. शेवटी सगळा कर पडतो तो ज्याला वजावट मिळत नाही त्याच्यावर, म्हणजे गिऱ्हाईकावर.

न्यायाचं काय? महिन्याला १०० मिळवणारा सगळेच्या सगळे खर्च करतो. त्यात किमतीतच धरलेला १० टक्के कर असेल तर त्याचे १० गेले, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १००० मिळवणारा ४०० खर्च करतो आणि बाकी गुंतवतो. त्याचे ४० गेले, म्हणजे ४ टक्के. रक्कम त्याची मोठी, ओझं त्याचं हलकं. यावर "तो वाचवलेले कधीतरी खर्च करेलच ना" असं उत्तर देतात आणि आयुष्यभराचा हिशोब धरला तर फरक थोडा कमी होतोही, पण खूप मोठी बचत खर्च न होता पुढच्या पिढीकडेच जाते.

जुन्या काळी याचं सगळ्यात कठोर रूप म्हणजे मीठ. फ्रान्सचा गाबेल नावाचा मिठावरचा कर शतकानुशतकं लोकांच्या शिव्या खात होता, १७९० मध्ये क्रांतीने तो रद्द केला. मिठावरच कर का, तर माणूस मीठ सोडू शकत नाही म्हणून. फ्रँक रॅम्सी या ब्रिटिश गणितज्ञाने १९२७ मध्ये गणिताने दाखवलं की लोकांचं वागणं कमीत कमी बिघडवायचं असेल तर ज्या वस्तूची मागणी भाव वाढूनही कमी होत नाही तिच्यावर जास्त कर लावावा. गणित बरोबर आहे. पण अशा वस्तू म्हणजे बहुतेक गरजेच्याच वस्तू, त्यामुळे वसुलीला सोयीचं आणि न्यायाला धरून या दोन गोष्टी इथे उघड उघड भांडतात.

उपाय दोन. एक, गरजेच्या वस्तूंवर दर कमी ठेवायचा. त्यातून मजेशीर नाही तर डोकेदुखीचे वाद निघतात, जपानमध्ये २०१९ पासून दर १० टक्के आहे आणि खाण्याच्या वस्तूंना ८ टक्के, त्यामुळे तोच डबा दुकानात बसून खाल्ला तर १० आणि बांधून नेला तर ८. शिवाय कमी दराचा फायदा श्रीमंतालाही मिळतो, आणि तो जास्त खरेदी करतो म्हणून रकमेत जास्तच मिळतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, दर एकच ठेवा आणि कमी उत्पन्नाच्या घरांना ठरलेली रक्कम थेट खात्यात परत करा. कॅनडाने १९९१ मध्ये जीएसटी आणला तेव्हा असंच क्रेडिट ठेवलं. फक्त हे परतीचे पैसे वेळेवर आणि हेलपाटे न घालता मिळाले पाहिजेत, नाहीतर ते फक्त भाषणात राहतात.

वर्षाच्या एकूण खर्चावर स्लॅबप्रमाणे कर, असं कुणी केलंय का?

हो, निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाचा हा आग्रह होता, की माणूस समाजाच्या भांड्यातून किती काढून घेतो यावर कर असावा, तो किती घालतो यावर नको. त्याच्या सल्ल्याने भारताने १९५८ मध्ये खर्च कर आणला, १९६२ मध्ये काढला, १९६४ मध्ये परत आणला आणि १९६६ मध्ये कायमचा काढला. कल्पना मला मनापासून आवडते. पण वर्षभराचा खर्च मोजायचा म्हणजे उत्पन्न, बचत, कर्ज, जुनी शिल्लक सगळंच तपासावं लागतं आणि त्या काळात ते झेपलं नाही.

संपत्ती कर म्हणजे थेट श्रीमंतांवरच ना? मग देश तो काढून का टाकतायत?

ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांपैकी १९९० मध्ये १२ देशांत वार्षिक संपत्ती कर होता, २०१७ मध्ये चारच उरले. स्वीडनने २००७ मध्ये काढला, फ्रान्सने २०१८ पासून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. नॉर्वे, स्पेन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालू आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये तर सुखाने चालू आहे, कारण दर कमी आहेत आणि जाळं रुंद आहे, नुसत्या अतिश्रीमंतांवर नाही.

बाकी ठिकाणी तीन ठिकाणी गाडी अडली. संपत्तीची किंमत कोण ठरवणार? शेअर बाजारात नोंदलेली कंपनी सोपी, पण घरचा कारखाना, जुनी चित्रं, न विकलेला हक्क यांची दरवर्षी किंमत काढणं अवघड. दुसरं, संपत्ती आहे पण हातात रोकड नाही अशी माणसं. तिसरं म्हणजे पैसा आणि पैसेवाला दोघंही देश सोडू शकतात. मग शेती, धंदा, पेन्शन अशा सवलती घातल्या गेल्या, आणि झालं असं की खूप मोठे लोक सवलतीतून निसटले आणि मधले अडकले.

तरी प्रश्न संपत नाही. अब्जाधीशाची वाढलेली संपत्ती त्याने शेअर विकलेच नाहीत तर उत्पन्न म्हणून कुठे दिसतच नाही, तो शेअर तारण ठेवून कर्ज काढतो आणि कर्जावर कर नसतो. पगारदाराचा कर मात्र पगार खात्यात यायच्या आधी कापलेला. हे मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी २०२४ मध्ये जी-२० साठी मांडलेला प्रस्ताव म्हणून महत्त्वाचा वाटतो: जगातल्या साधारण तीन हजार अब्जाधीशांनी संपत्तीच्या निदान २ टक्के इतका कर भरावा, इतर करांतून तेवढा भरला असेल तर वेगळं काही नाही. एकट्या देशाने करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून केलं तर पळायला जागा उरत नाही, अडचण फक्त सगळ्यांना एकत्र आणण्याची आहे आणि ती लहान नाही.

किंमत ठरवणं इतकं अवघड असेल तर मालकालाच ठरवू द्या की?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात पण मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर अडीच हजार वर्षं जुनं आहे. प्राचीन अथेन्समध्ये युद्धनौका सांभाळणं, नाट्यमहोत्सवाचा खर्च उचलणं अशी कामं श्रीमंतांच्या गळ्यात घातली जायची. आता एखाद्याला वाटलं की माझ्यापेक्षा तो अमका जास्त श्रीमंत आहे आणि तरी सुटलाय, तर तो त्याला आव्हान देऊ शकायचा: तू हा खर्च उचल, नाहीतर तुझी सगळी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे. याला अँटिडोसिस म्हणायचे. जरा विचार करा काय जबरदस्त कल्पना आहे ही. सरकारी मूल्यमापक नको, तपासणी नको. "मी गरीब आहे हो" म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, मग बदलूया का?

पुढे चीनचे नेते सन यत्-सेन यांनी जमिनीसाठी हीच युक्ती सुचवली. मालकाने किंमत स्वतः सांगावी, कर त्या किमतीवर, पण सरकारला त्याच किमतीत जमीन विकत घ्यायचा हक्क. कमी सांगितली तर जमीन जाईल, जास्त सांगितली तर कर वाढेल, त्यामुळे माणूस खरी किंमत सांगतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्नोल्ड हार्बर्गर यांनी १९६० च्या दशकात हेच पुढे नेलं आणि म्हटलं की कुणीही त्या किमतीत घेऊ शकेल असं ठेवा.

न्यायाच्या बाजूने मला यात एकच गोष्ट खटकते. राहतं घर. आई-वडिलांनी बांधलेल्या घराची माझ्या मनातली किंमत बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ते घर जाऊ नये म्हणून मला जास्त किंमत सांगून जास्त कर भरावा लागेल. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आपलं घर राखेल आणि ज्याच्याकडे नाहीत तो रोज धाकात राहील. धंद्याच्या जागा, खाणी, मोबाईलच्या लहरी अशा गोष्टींना ही पद्धत लावा, राहत्या घराला नको.

जे बाहेरून दिसतं त्यावरच कर लावला तर काय बिघडतं?

इंग्लंडचा खिडकी कर बघा, १६९६ ते १८५१. घरात न शिरता, कुणाचे कागद न बघता नुसत्या बाहेरून खिडक्या मोजायच्या. श्रीमंताच्या घराला खिडक्या जास्त, म्हणजे ऐपतीचा अंदाज बरोबर येईल असं वाटलं. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. आजही तिकडच्या काही जुन्या घरांच्या भिंतीत खिडकीची चौकट दिसते, वर कमान दिसते आणि आत काचेच्या जागी विटा. सगळ्यात हाल झाले ते भाड्याच्या मोठ्या इमारतीतल्या गरिबांचे. आत कितीही कुटुंबं राहत असली तरी इमारत एकच धरली जायची, कर वाचवायला मालक खिडक्या बुजवायचा आणि अंधारात, कोंदट हवेत राहायचे भाडेकरू. कर घरमालकाच्या नावावर, शिक्षा भाडेकरूला.

जमिनीवरच्या कराचं लोक इतकं कौतुक का करतात?

मीही करते, आणि कारण सांगते. शेजारी-शेजारी दोन सारखे प्लॉट आहेत. एकावर मालकाने कर्ज काढून इमारत बांधली, वीस कुटुंबं राहतात. दुसऱ्यावर कुंपण, आत झुडपं, मालक भाव वाढायची वाट बघतोय. नेहमीच्या मालमत्ता करात बांधणाऱ्याला मोठं बिल येतं आणि रिकामा ठेवणाऱ्याला छोटं. उद्या समोर रेल्वे स्टेशन झालं तर दोघांच्याही जमिनीचा भाव वाढतो, आणि त्यासाठी कुंपणवाल्याने काडीही हलवलेली नसते, स्टेशन सगळ्यांच्या पैशांतून झालेलं असतं. अमेरिकन लेखक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये नेमकं हेच मांडलं, बांधकामावर कर नको, जमिनीच्या नुसत्या किमतीवर लावा, कारण ती किंमत मालकाने नाही तर आजूबाजूच्या समाजाने निर्माण केलीय.

जमीन लपवता येत नाही, परदेशात नेता येत नाही आणि कर लावला म्हणून ती कमीही होत नाही. भाडेकरूवरही तो सहज ढकलता येत नाही, कारण भाडं आधीच बाजार देईल तितकं घेतलेलं असतं. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञासारखा करांचा विरोधकसुद्धा याला सगळ्यात कमी वाईट कर म्हणायचा. एस्टोनियात १९९३ पासून कर फक्त जमिनीवर आहे, डेन्मार्क आणि तैवानमध्येही जमीन मूल्य कर आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने १९१३ पासून २००१ पर्यंत जमिनीला जास्त आणि इमारतीला कमी दर लावून बघितला, आणि तो बंद पडायचं एक कारण म्हणजे मूल्यमापन गडबडलं. तेवढी एक बाजू नीट ठेवावीच लागते. इंग्लंडमध्ये घरांवरचा कौन्सिल टॅक्स अजून १९९१ च्या किमतींवर चालतो, म्हणजे तीस वर्षांत ज्या भागाची भरभराट झाली तो भाग जुन्याच हिशोबात. कॅलिफोर्नियात १९७८ च्या मतदानापासून घर विकलं जाईपर्यंत करासाठीची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, मग सारख्याच दोन घरांत जुना मालक आणि नवा मालक यांच्या करात प्रचंड फरक पडतो.

पण एकटी राहणारी म्हातारी बाई, घर मोक्याच्या जागी आणि उत्पन्न काही नाही, तिने काय करायचं?

ही अडचण खरी आहे आणि जमीन कराच्या बाजूचे लोक ती उडवून लावतात ते मला आवडत नाही. पण उत्तर आहे. कर थकीत ठेवू द्यायचा, माफक व्याज लावायचं आणि घर विकलं जाईल किंवा वारसाकडे जाईल तेव्हा वसूल करायचा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांवरच्या घरमालकांना मालमत्ता कर असा पुढे ढकलता येतो. तिला घर सोडावं लागत नाही आणि वाढलेल्या किमतीतला समाजाचा वाटाही बुडत नाही. दुसरी अडचण म्हणजे कालच पूर्ण किंमत मोजून प्लॉट घेतलेला माणूस, कर जाहीर झाला की त्याच्या प्लॉटचा भाव पडतो. म्हणून हा कर वर्षानुवर्षं हळूहळूच आणायला हवा.

वारसा कर म्हणजे मेलेल्या माणसावर कर नाही का?

मेलेला माणूस काहीच भरत नाही, भरतो तो ज्याला आयतं मिळालं. तरी या कराचा लोकांना सगळ्यात जास्त राग येतो, ज्यांना तो कधीच लागणार नाही त्यांनाही येतो, कारण त्यामागे आई-बापाची मेहनत दिसते. जपानमध्ये वरचा दर ५५ टक्के आहे, ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये केंद्राचा वारसा कर काढला, स्वीडनने २००४ च्या अखेरीस, नॉर्वेने २०१४ मध्ये. माझं मत असं की माफी मोठी ठेवा, साधं घर आणि आयुष्यभराची बचत सुटू दे, पण माफीच्या वरच्या रकमेवर कर घ्या आणि ट्रस्टच्या आडून निसटू देऊ नका. कष्टाच्या पगारावर ३० टक्के आणि आयत्या करोडोंवर शून्य, हे मुलांना कुठल्या तोंडाने समजावायचं?

पेट्रोल, सिगारेट, साखर यांवरचे कर?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलं की ज्या वागण्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो त्यावर कर लावावा. फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला. तत्त्व न्यायाचंच आहे, धूर सोडणाऱ्याने भरावं. गाडं अडतं ते ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्यापाशी. फ्रान्समध्ये २०१८ च्या शेवटी पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले ते इंधनाच्या करावरून, आणि त्यात शहराबाहेर राहणारे, गाडीशिवाय कामावर जाऊच न शकणारे बरेच होते. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. जमा झालेले पैसे लोकांनाच वाटून दिले तर ओझं हलकं होतं, स्वित्झर्लंड बराचसा भाग आरोग्य विम्याच्या बिलातून परत देतं. कॅनडानेही २०१९ पासून घरोघर पैसे परत दिले, तरी तो कर २०२५ मध्ये लोकांसाठी बंद झाला. पंपावरचा भाव रोज दिसतो, खात्यात आलेली परतफेड लक्षात राहत नाही.

साखरेचं उदाहरण मात्र बघण्यासारखं आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणाप्रमाणे कर लावला, तर कंपन्यांनी साखरच कमी केली, गिऱ्हाईकाने जास्त पैसे न देता. डेन्मार्कचा चरबीवरचा कर मात्र २०११ ते २०१३ एवढाच टिकला, लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करायला लागले.

माणसांना सोडा, कंपन्यांवर लावा ना.

कंपनी हा कागद आहे, कर शेवटी माणसंच सोसतात. मालकाचा नफा कमी होतो, नाहीतर कामगाराचा पगार वाढत नाही, नाहीतर गिऱ्हाईकाला भाव वाढवून लागतो. कुणावर किती पडतं याबद्दल अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही, पण निदान काही भाग मालकांवर पडतोच. मोठ्या कंपन्या नफा कागदोपत्री कमी कराच्या देशात दाखवतात म्हणून २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी किमान १५ टक्क्यांवर सहमती केली. अंमलबजावणी अजून अर्धवट आहे.

नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरावं का वेगळं?

फ्रान्स १९४५ पासून कुटुंब धरतो, मुलंबाळं मोजून. स्वीडनने १९७१ मध्ये वेगवेगळं केलं. एकत्र धरलं की घरात कमी कमावणाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा बायकोच्या, पहिल्याच रुपयावर नवऱ्याच्या वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि "मग नोकरी कशाला" असं घरातच ठरतं. मला वेगळंच बरोबर वाटतं.

सरकारने उलटा कर द्यावा, हे काय असतं?

फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये सुचवलेला ऋण उत्पन्न कर. ठरलेल्या रेषेच्या वर कमाई असेल तर कर भरा, खाली असेल तर फरकाचा काही हिस्सा सरकार देईल. समजा रेषा १०० ची आणि हिस्सा निम्मा, तर ४० मिळवणाऱ्याला ३० मिळतील, हातात ७०. त्याने ६० मिळवले तर २० मिळतील, हातात ८०. कमाई वाढली की हातातलं वाढतंच, वर सांगितलेला खड्डा पडत नाही. अमेरिकेत १९७५ पासून याचं एक रूप आहे, पण ते काम करणाऱ्यालाच मिळतं. ज्याला कामच मिळत नाही तो बाहेर राहतो.

तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं?

पगार, व्याज, भाडं, शेअरचा नफा, सगळ्याला एकच स्लॅब, स्लॅब महागाईशी जोडलेले, वजावटी मोजक्या. जमिनीवरचा कर दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेला असता आणि तितका बांधकामावरचा आणि छोट्या पगारावरचा कमी केला असता. खर्चावरचा कर एकाच दराने आणि खालच्या घरांना पैसे परत. वारशावर मोठी माफी ठेवून कर. संपत्ती कर एकट्याने लावायला मी बिचकले असते, पण इतर देश बरोबर आले असते तर पहिल्या दिवशी सही केली असती.

शेजारी किती कर भरतो हे मला बघता यायला हवं का?

नॉर्वेत बघता येतं. तिथे प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर यांची यादी सार्वजनिक असते. यादी इंटरनेटवर आली तसे लोक एकमेकांचे आकडे सर्रास शोधायला लागले, शेजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे. मग नियम बदलले: शोधायला लॉगिन करावं लागतं आणि २०१४ पासून ज्याची माहिती बघितली त्याला कुणी बघितली हे कळतं. शोधणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. यादी मात्र आजही उघडी आहे, कुणालाही बघता येते, फक्त आपलं नाव सांगून.